आत बघू नये

बेळगावची हवा चांगली आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या दाजींकडे चहाला जावं. परत येताना श्वास घ्यायची हिंमत उरत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. टिळकवाडीत छोटा बंगला आहे, हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेत, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी हवेच्या शुद्धलेखनाला वाहून घेतलं आहे. मी निपाणीत वकिली करतो. निपाणी तंबाखूच्या वखारींचं गाव, त्यामुळं दाजींच्या लेखी मी मेहुणा कमी आणि संसर्ग जास्त. गेटमधून आत शिरलो की मला व्हरांड्यात उभं केलं जातं, कपड्यांच्या ब्रशनं खांद्यापासून पोटरीपर्यंत झाडलं जातं, मग दाजी नाक पुढं करून हुंगतात आणि निकाल देतात, "वखारीच्या बोळातनं आलास न्हवं?" एकदा मी मुद्दाम वाट वाकडी करून सदलग्यावरून, उसाच्या फडांतून गेलो. आज गुळाचा वास हाय म्हणाले, पण झाडायचं ते झाडलंच.

घरात उदबत्तीला बंदी आहे. देवांना नुसते हात जोडायचे. देवांनीही अजून तक्रार केलेली नाही. फोडणीलाही बंदी होती. आक्कानं आमटीचं पातेलं उचलून शेजारणीच्या ओट्यावर न्यायचं, तिथं फोडणी घालायची आणि झाकण दाबून, चोरीचा माल आणल्यासारखं, परत आणायचं. खिडक्या दोन वर्षं बंद होत्या. धुळीचा एक कण जरी आत आला तर तो कुणाच्या ओळखीनं आला याची चौकशी व्हायची.

या सगळ्याच्या मुळाशी आक्काचा खोकला होता. लग्नानंतरची काही वर्षं ती निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची, आणि त्या मजुरीवर दाजींनी कोल्हापुरात बी.एड. केलं. हा विषय दाजी कधी काढत नाहीत. खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला चिठ्ठी दिली होती. दाजींनी ती चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली आणि एसी विकत आणला.

ज्या गावात उन्हाळ्यातसुद्धा पहाटे पायाशी पांघरूण चाचपावं लागतं, त्या गावात एसी. पण तो गारव्यासाठी नव्हताच. त्याच्या पोटात जंतू मारणारा दिवा बसवून मिळतो, असं दाजींना कळलं होतं. दुकानदार त्याला यूव्ही म्हणायचा, दाजी 'अतिनील' म्हणायचे आणि समोरच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचे. दिवा बसला आणि भर एप्रिलमध्ये आक्का शाल पांघरून, कानाला रुमाल बांधून मालिका बघू लागली.

दाजींची एकच पंचाईत झाली. दिवा एसीच्या झाकणाआड, म्हणजे हवा शुद्ध होतेय हे पाहुण्यांना दिसणार कसं? मग त्यांनी झाकण वर उचलून कपड्यांच्या दोन चिमट्यांनी अडकवलं. दिवाणखान्यात जांभळा उजेड पसरला. येईल त्याला बरोबर समोरच्या खुर्चीत बसवून अतिनीलाचं दर्शन घडवलं जाऊ लागलं. झाकणाच्या आत एक पिवळी चिठ्ठी होती, कानडीत आणि इंग्रजीत. दाजींना दोन्ही भाषा उत्तम येतात. पण आपल्या घरात मराठीत लिहिलेलंच वाचायचं, हा त्यांचा बाणा. ती न वाचताच त्यांनी कंपनीला मराठी मजकुरासाठी दोन पानी पत्र पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी आक्काचे डोळे लाल झाले. मग दाजींचे, मग त्यांच्या जुन्या हेडमास्तरांचे. मी रविवारी जाऊन आलो आणि सोमवारी कोर्टात वाळू गेल्यासारखे डोळे चोळत उभा राहिलो. पक्षकाराला वाटलं, त्याच्या दुःखानं मी रडतोय. दाजींनी तात्काळ निदान केलं, की डोळ्याची साथ आलीय आणि ती निपाणीहून मी आणलीय. साथ म्हणजे जंतू, आणि जंतूंवर इलाज तर घरातच. दोन तास लागणारा दिवा दिवसभर लागू लागला. डोळे जसजसे लाल होत, तसतसा दिवा जास्त वेळ चाले.

शेवटी आक्कानंच परस्पर एसीवाल्याला बोलावलं. त्या दिवशी मीही तिथंच होतो. तो सदलग्याचा, दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलणारा. त्यानं चिमटे बघितले आणि आधी मेन स्विच बंद केला. मग म्हणाला, "सर, ह्ये किरण जंतू मारत्यात तसं डोळ्यालाबी भाजत्यात. हितं लिवलंय की."

"कानडीत लिवलंय," दाजी म्हणाले.

त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवून सावकाश मराठीत वाचलं, "आत बघू नये."

दाजींनी मान डोलावली. "बरोबर. 'नये'च पायजे." मग त्यांनी विचारलं, "आणि धूळ? धूळ मरती का ह्यानं?"

"धूळ कशी मरंल सर? ती जिती कुठं असती? तिला जाळी असती, ती धुवायची."

"आणि आधीच आत गेलेली?"

"कशाच्या आत?" त्यानं विचारलं.

दाजींनी आक्काकडं बघितलं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात पदरानं डोळे टिपत उभी होती. माझ्याकडं दाजींवरचे निदान दहा विनोद तयार होते. त्यातला एकही मला आठवेना.

"पाकिटातली चिठ्ठी काढा," आक्का म्हणाली. "छाती माझी हाय. तुमास्नी भ्या वाटत आसंल तर तुमी भायेर बसा."

दाजी बाहेर बसले नाहीत. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला तेव्हा ते तांबारलेल्या डोळ्यांनी अगदी समोर उभे होते. जुनी धूळ बसलीय, ती आता निघायची नाही. औषध घ्या, आणि खिडक्या उघडा, असं डॉक्टर म्हणाले. औषधाच्या दुकानासमोर दाजींनी माझा दंड धरला. "बी.एड.ला हुतो तवा सुट्टीला घरी यायचो. हिच्या पदराला तंबाखूचा वास यायचा," ते म्हणाले. "मी त्वांड फिरवायचो रं." मी औषधाची पिशवी धरली.

आता खिडक्या उघड्या असतात, फोडणी स्वतःच्या ओट्यावर परतलीय. मला अजून झाडलं जातं, पण हुंगून झालं की दाजी काही म्हणत नाहीत. एसीचं झाकण घट्ट बंद आहे आणि त्यावर दाजींच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'आत बघू नये'. मात्र आक्काला ढास लागली की ते वाचत असतील ते पुस्तक पालथं घालून उठतात आणि दिव्याचं बटण दाबतात. त्यानं काही होत नाही हे त्यांना आता माहीत आहे. परवा ते आत गेलेले बघून मी आक्काला विचारलं, की तू त्यांना तो दिवा लावू कशाला देतेस?

"लावू दे रं," खोकला आवरत ती म्हणाली. "त्याबगर त्यांचा जीव भांड्यात पडत न्हाय."

आणि शाल ओढून ती एसीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली.