दहा लाखांच्या पुढे

परवा भाचीनं मोबाइलवर काहीतरी दाखवलं. जगात म्हणे अशी माणसं आहेत, जी जुन्या व्हिडिओ गेमांच्या विक्रमांची नोंद ठेवतात. कोणी किती गुण केले, कोणत्या मशीनवर केले, खेळताना कोण हजर होतं, चित्रीकरण आहे की नाही, सगळं तपासतात आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडतात. भाचीला हसू आवरत नव्हतं. मला हसू आलं नाही. पुरावा हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही तापतं, आणि ते का तापतं हे सांगायचं तर घाटंजीतल्या एका पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. भाव नव्हता तरी कापूस होताच, आणि तो विकायला खरेदी केंद्राच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. काट्यापर्यंत पोचायला दोन दिवस, कधी तीन दिवस. बैल सोडून झाडाला बांधलेले, माणसं गाडीखाली आडवी झालेली. रांगेतली गाडी मालकाच्या नावानं नव्हे, गावाच्या नावानं ओळखली जायची. पुढे कोण आहे असं विचारलं, की कुठल्या तरी गावाचं नाव ऐकू यायचं. गाव सांगितलं म्हणजे माणूस कळला, असा तिथला हिशेब होता.

रस्त्याच्या अलीकडे, सगळे भाऊ म्हणायचे अशा एकाचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला काही येईना, तेव्हा त्यानं नागपूरहून एक जुनी व्हिडिओ गेमची मशीन आणली. माणसाएवढी उंच, एका बाजूनं पत्रा चेपलेली. खाली आपलं एक छोटं विमान, वर किड्यांच्या रांगा. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली बटण. किडे वळवळत खाली यायचे आणि आपण गोळ्या मारायच्या; एक विमान फुटलं की दुसरं यायचं, शेवटचं फुटलं की गेम संपला. त्या गेमचं खरं नाव इंग्रजीत वर लिहिलेलं होतं, पण ते कोणी वाचलं नाही. रांगेतल्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘अळीवाला गेम’ म्हणायला सुरुवात केली आणि गोळ्या मारण्याला फवारणी. शेतात तीन-तीन फवारे मारून बोंडअळी हटत नव्हती. इथे निदान ती मरायची. चांगली मिशीवाली माणसं टोकन टाकून दात-ओठ खात बटण दाबायची, ते बघताना मला मजा वाटायची आणि थोडी कीवही यायची.

त्या मशीनमध्ये एक खोट होती. सगळ्यात जास्त गुण कोणाचे, ते ती वरच्या बाजूला दाखवायची, पण वीज गेली की सगळं विसरायची. आणि वीज तर रोज जायची. भारनियमनाचं वेळापत्रक ठरलेलं होतं, त्या हंगामात दुपारी साडेचारला अंधार म्हणजे अंधार. म्हणून भाऊनं मशीनमागच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं यादी लिहायला घेतली. नियम असा की गेम संपला की पडद्यावरचा आकडा भाऊनं स्वतः बघायचा, आणखी दोघांनी बघायचा, मग भिंतीवर चढवायचा. नाव मात्र गाडीसारखंच गावाचं. एका गावचा पोरगा जिंकला की त्या गावच्या साऱ्या गाड्या दोन दिवस अकडून बसायच्या.

यादीत सगळ्यात वर एक तरणाबांड शेतकरी होता. सात लाख बेचाळीस हजार. त्याच्या घरचं शेत मोठं होतं, दोन गाड्या रांगेत असायच्या आणि तो स्वतः मोटारसायकलवर. त्याचा आकडा कसा चढला तेही सांगून ठेवते. तो खेळत असताना वीज गेली, पडदा काळा झाला, आणि तो म्हणाला, “सात बेचाळीस झाले होते.” भाऊनं ब्रश बुडवला आणि लिहिलं. दोघांनी बघण्याचा नियम त्या दिवशी कुणाच्या लक्षात आला नाही.

मी तेव्हा बारावीला होते. मायची कंबर धरली आणि तिचं वेचणीला जाणं बंद झालं, म्हणून तिनं हंगामापुरती भाऊच्या दुकानासमोर भज्यांची शेगडी मांडली होती. कॉलेज सुटलं की मी कांदे चिरायला यायची. भाऊ भज्यांची प्लेट घ्यायचा आणि बदल्यात मला एक टोकन द्यायचा. पहिल्या दिवशी मी मशीनसमोर उभी राहिले, तेव्हा मागून कोणीतरी बोललंच, “पोरगी फवारणी करून राह्यली रे, पाह्य.” मी वळून पाहिलं नाही.

आता यात नवल काहीच नव्हतं. मी आठ वर्षांची असल्यापासून मायबरोबर लोकांच्या कापसात वेचणी केलेली. चांगली वेचणारी बाई दोन तासांवर, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींवर, एकदम चालते. डावा हात डावीकडच्या झाडावर, उजवा उजवीकडच्या, आणि डोळे पुढच्या बोंडावर. दोन्ही हात एकमेकांना काही विचारत नाहीत. बोंडाचं टोक टोचलं तरी हात थांबत नाही, कारण थांबलं की मागची बाई पुढे जाते. ज्यांना वाटत होतं की या पोरीला असं खेळता कसं येतं, त्यांनी आयुष्यात कधी कापूस वेचला नव्हता, फक्त वेचून घेतला होता.

महिन्याभरात मी पाच लाखांवर गेले, मग सहा. एका दुपारी गर्दी नव्हती. भाऊ स्टुलावर बसून बघत होता, रांगेतले दोन म्हातारे दारात टेकले होते. सात बेचाळीस मागे पडले. आठ झाले, नऊ झाले. नऊ लाख नव्व्याण्णव हजारांच्या पुढे मी एक रांग उडवली आणि पडद्यावरचा आकडा एकदम शून्य झाला. मशीनला सहाच घरं होती, सातवं घर नव्हतंच. मी खेळत राहिले आणि जेव्हा शेवटचं विमान फुटलं तेव्हा पडद्यावर चौदा हजार दोनशे होते.

“लिहा, भाऊ,” मी म्हणाले.

भाऊनं मान खाजवली. “काय लिहू? चौदा हजार? चौदा हजार तं कोणी बी करते.”

“तुमी पाह्यलं ना, दहा लाख झाले ते.”

“पाह्यलं व. पण पडद्यावर हाय तेच लिहायचं, असा नियम हाय.”

मी मोटारसायकलवाल्याचं बोलले. त्याच्या वेळी तर पडद्यावर काहीच नव्हतं. भाऊ स्टुलावरून उठला. मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, “बरं, खाली कुठंतरी लिहितो. भजेवाली असं लिहितो.”

“भजेवाली कायले? बाकीच्यायचं गाव लिहिलं. माह्या वस्तीचं नाव लिहा.”

त्यानं रस्त्याकडे बघितलं, गाड्यांकडे बघितलं. “समजून घे, बाई. मले धंदा करायचा हाय. इथं सगळे येतात.”

भाऊ वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. मायला शेगडीसाठी जागा त्यानंच दिली होती, कोणी नाक मुरडलं तरी हटवली नव्हती. पण चांगल्या माणसाच्या तोंडून असलं वाक्य आलं की ते जास्त लागतं. आमच्या वस्तीचं नाव भिंतीला चिकटलं तर भिंत विटाळणार होती की काय? नाल्यापलीकडची वस्ती, बौद्धांची, छप्पन्ननंतर आज्या-पणज्यांनी मूर्ती बाहेर काढल्या आणि नवं नाव घेतलं ती. ते नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, मतदार यादीत होतं. एका अळीवाल्या गेमच्या यादीत चालत नव्हतं. मी त्या दिवशी भजे न तळता घरी गेले आणि रागानं जेवले नाही. 

बाजाराच्या दिवशी मी परत गेले. मुद्दाम बाजाराचाच दिवस निवडला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मोटारसायकलवालाही आला होता. मी मोठ्यानं म्हणाले, “सगळे पाहून घ्या. आज मी दहा लाख करते.” भाऊनं टोकन दिलं. बारा वाजून गेले होते.

साडेतीन वाजेपर्यंत काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, खेळत होते एवढंच. घाम डोळ्यांत जात होता. पाच लाखांपर्यंत लोक चेष्टा करत होते, सहानंतर गप्प झाले. सात बेचाळीस गेले तेव्हा मागे कोणीतरी मोटारसायकलवाल्याचा खांदा थोपटला, त्यानं तो हात झटकला. नऊ लाख झाले आणि बाजारात आलेल्या बायकाही दाराशी जमल्या. त्यांच्यात माय होती, हाताला बेसन तसंच लागलेलं.

नऊ लाख नव्वद हजारांना भाऊ माझ्या कानाशी आला. हातात ब्रश होता. “पोरी, ऐक माह्यं. नऊ नव्व्याण्णव झाले का विमानं मरू दे. पडद्यावर तोच आकडा राह्यते. मी लिहितो, तुह्या वस्तीचं नावच लिहितो. वचन देतो.”

मागून सगळेच सांगू लागले. इथं थांब, आता मर, पुढं जाऊ नको, शून्य होते. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना मी जिंकायला हवी होते, फक्त त्यांच्या मशीनमध्ये बसेल एवढीच.

आणि खरं सांगते, मला मोह झाला. हात सोडून द्यायचा होता फक्त. वस्तीचं नाव भिंतीवर सगळ्यात वर लागलं असतं, भाऊच्या हातानं, सगळ्यांच्या देखत. मला तेच तर हवं होतं. माझा डावा हात सैल पडला आणि एक विमान फुटलंसुद्धा.

तेवढ्यात मायचा आवाज आला. ती भाऊला विचारत होती, “पुढं गेली तं काय होते?”

“शून्य होते, वैनी.”

“ओटी बी शून्यच होते,” माय म्हणाली. “भरली का ढिगावर रिकामी करतो आपण. मंग वेचलेला कापूस कुठं जाते काय?”

तिथले सगळे कापूसवाले. कमरेच्या फडक्यात वेचायचं, ते भरलं की शेताच्या धुऱ्यावरच्या ढिगात ओतायचं आणि पुन्हा तासाला लागायचं, हे त्यांना मी काय सांगणार होते? संध्याकाळी ढीग काट्यावर जातो, रिकामी ओटी कोणी जोखत नाही.  मोटारसायकलवाला खाली बघत होता. त्याच्या शेतात मायनं दोन हंगाम ओटी भरली होती.

“खेळ व तू,” माय म्हणाली.

मी खेळले. नऊ नव्व्याण्णव आले, मी हात थांबवला नाही, आणि आकडा शून्य झाला. दारातल्या एका बाईनं मोठ्यानं म्हटलं, “एक.” मग मी पुन्हा पहिल्यापासून वेचत गेले, दहा हजार, साठ हजार, लाखाच्या वर. बोटं भाजल्यासारखी झाली होती, तरी विमानं शिल्लक होती. साडेचार वाजले आणि वीज गेली.

पडदा काळा. मोटारसायकलवाल्यानं घसा खाकरला. “आता काय लिहान? मशीन तं बंद पडली.”

“तुह्या वक्ती बी बंदच होती,” मी म्हणाले.

 मी भाऊच्या हातातून ब्रश घेतला. त्यानं तो धरून ठेवला नाही. यादीच्या वर हात पोचेल अशी जागा नव्हती, म्हणून स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि छताच्या पत्र्याला टेकेल इतक्या उंचीवर आमच्या वस्तीचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, दहा लाखांच्या वर. अक्षरं वाकडी आली. खाली उतरले आणि कांदे चिरायला गेले.

ऑइलपेंट पाण्यानं निघत नाही. रॉकेल लावून घासलं असतं तर निघालं असतं, आणि भाऊच्या दुकानात रॉकेल होतं. त्यानं ते केलं नाही. हंगाम संपेपर्यंत नव्या नव्या गाड्या येत राहिल्या, लांबच्या गावांच्या. ती माणसं टोकन घेऊन उभी राहायची, मान वर करून यादी वाचायची आणि सगळ्यात वरच्या नावाशी अडायची. मग भज्यांसाठी आमच्याकडे येऊन विचारायची, “ते वरचं गाव कुठं आलं, बाई? कधी आयकलं नाई.”

“इथंच,” मी सांगायची. “नाल्यापाशी आले का ज्या वस्तीले वळसा घालून तुमी गाडी काढता ना, ती.”