कामचुकार खुर्ची

माणसाच्या आळसाचं खापर आयुष्यभर फर्निचरवर फोडणारे गृहस्थ अख्ख्या बहारीनमध्ये एकच होते, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. मूळचे नागपूरचे. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं बहारीनच्या एकाच सरकारी कचेरीत, एकाच खोलीत होतो. "माणूस कामचुकार नसते हो, खुर्ची असते," हे त्यांचं ब्रीद. सनाबिसला आमच्या घरी आले की चहाआधी सोफा सरकवायचे. माझा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा त्याला सोडून त्यांनी टेबललॅम्पची झडती घेतली. पोरगं बेहद्द खूश! अदलियातल्या एका हॉटेलात वेटर खेकसला, तर हे थेट मॅनेजरकडे गेले. "इसको भट्टी के पास से हटाओ, फिर देखो कैसा हँसता है." आमची ही तर कपाळाला हात लावून म्हणायची, "भाऊजींना कुणाच्या लग्नाला नेऊ नका, नवरानवरीच्या जागा बदलतील!"

आमच्या खोलीत केरळचा एक टायपिस्ट होता. पंचेचाळिशीचा, अबोल, गावाकडे दोन मुली कॉलेजात. एक पत्र टाइप करायला त्याला दुपार व्हायची. बहारिनी साहेबांनी सांगून टाकलं, तीन महिन्यांत काम सुधारलं नाही तर कॉन्ट्रॅक्ट खलास. म्हणजे व्हिसाही गेलाच. आम्ही सगळे चुकचुकलो आणि आपापल्या कामाला लागलो. साडू मात्र तासभर त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. टेबल दारात. येणारा प्रत्येक जण त्यालाच विचारणार, साहेब आहेत का, फॉर्म कुठे मिळतो. वरून एसीचा गार झोत थेट मानेवर. "ह्यानं टाइप करावं कधी?" साडू कडाडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली कोपऱ्यातली निवांत जागा त्याला दिली. तो बिचारा "नहीं सार, नहीं सार" करत राहिला. "यल्ला, उठो!" म्हणत ह्यांनी टाइपरायटर स्वतः उचलून नेला.

महिन्याभरात त्याची पत्रं सकाळी अकरालाच बाहेर पडू लागली. इकडे दारात बसलेले साडू! कुणी पत्ता विचारला की हे त्याच्यासोबत काउंटरपर्यंत जाणार, त्याचा फॉर्म भरून देणार, वर घरची चौकशी करणार. टेबलावर फायलींचा डोंगर झाला. आम्ही पोट धरून हसत होतो.

त्या वर्षी टायपिस्टचं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं. साडूंचं वाढलं नाही. शेरा होता, 'कामात लक्ष नाही.' माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साडूभाऊ, साहेबांना खरं काय ते सांगा. जागा परत मागा."

"अन् त्याले पुन्हा दारात बसवू? त्याच्या पोरींचं शिक्षण व्हाचं हाय अजून," ते म्हणाले. मग एकदम खुलले. "पण माझं म्हणणं खरं निघालं का नाही? त्या खुर्चीवर मी पण कामचुकार झालोच ना!"

ते नागपूरला परतले. मला त्यांची आठवण येते तेव्हा हसू येतं, आणि मग लाजही वाटते. खोलीतली सगळ्यात चांगली जागा माझी होती, खिडकीपाशी. तिथून तो टायपिस्ट रोज मान चोळताना मला दिसायचा. आपण उठावं, असं मला एकदाही वाटलं नाही.