मातीची राखण

आमच्या धायरीच्या सोसायटीत तळमजल्यावरचे काका झाडांजवळ कुजबुजतच बोलतात. थंडीत मे फ्लॉवरच्या कुंड्यांत नुसती माती दिसते. तिच्यावर ते स्वतःचा जुना मफलर पांघरतात आणि मला दटावतात, "अहो, हळू. कंद झोपलेत."

आई गेली तेव्हा ते भेटायला आले आणि तसलीच एक कुंडी दारात ठेवून गेले. "पाणी घालू नका. रोज बघत जा फक्त."

हिवाळाभर मी चहाचा कप घेऊन त्या मातीसमोर बसायचे. कधी वाटायचं, मातीच माझ्याकडे बघतेय. चैत्रात एका सकाळी तिच्यातून लाल टोक वर आलेलं दिसलं. मी अनवाणीच जिना उतरत गेले.

काका बराच वेळ माझा चेहरा न्याहाळत राहिले. मग पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाले, "आता घाला पाणी."