लागलंच नाही, मग फाउल कायचा?

सौंसर माझं माहेर आणि पांढुर्णा सासर. लग्नात मैत्रिणींनी एवढ्यावरून मला हैराण केलं होतं. म्हणे, माहेरही सौंसर, सासरही सासर, मग बाई तू माहेरपणाला जाणार कुठं? लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा विनोद कोणी ना कोणी मला नव्यानं ऐकवतंच, आणि मी दर वेळी हसते. शाळेत खेळ शिकवणारी बाई आहे मी, रोज पोरांचे याहून वाईट विनोद ऐकते.

दिवाळी होऊन संत्र्याची तोडणी लागली की या दोन गावांची फुटबॉल मॅच होते. तेव्हा मात्र मला हसू येत नाही. कारण पांढुर्ण्याकडून मागं बचावाला, स्टॉपर म्हणून, खेळतात आमचे हे, आणि सौंसरकडून गोल करायला पुढं पळतो माझा धाकटा भाऊ. आमचे हे एरवी म्हणाल तर गरीब गाय. कापसाच्या धंद्यात असूनही आवाज चढवत नाहीत, घरात पाल निघाली तर मला हाक मारतात. पण मैदानात उतरले की अंगात येतं. त्या मुरमावर दोन्ही पाय पुढं करून असे घसरत येतात की समोरच्यानं बॉल सोडून देवाचं नाव घ्यावं.

हे वळण त्यांना लावलं काकाजींनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथले रेफरी तेच. गळ्यात दुपट्टा, दुपट्ट्यात अडकलेली शिट्टी, आणि मैदानाच्या मधोमध उभं राहायचं ते हलायचं म्हणून नाही. कोणी पाय धरून लोळायला लागला की काकाजी लांबूनच विचारायचे, रक्त निघालं का? नाही म्हटलं की हात हलवून मोकळे, "चालते!" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक एकमेकांना गोटे मारतात, डोकं फुटलं तर पट्टी बांधून पुन्हा काठावर येतात. अशा गावात नडगीला बूट लागला हे कोणाला सांगणार?

त्या वर्षी काकाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं धुळीत जायची मनाई केली. शिट्टी कोणाकडे द्यायची यावर बराच खल झाला. रेफरीची परीक्षा रीतसर पास झालेलं माणूस गावात एकच होतं, आणि ते म्हणजे सूनबाई. सौंसरवाल्यांनी आधी कां-कूं केलं, मग त्यांच्या लक्षात आलं की ही तर आपली लेक. पांढुर्णावाले म्हणाले, ही आपली सून. दोन्हीकडचे खूष झाले. मीच तेवढी नव्हते.

माझा जीव अडकला होता भावाच्या पायात. खूप खटपटीनंतर तो वनरक्षकाची लेखी परीक्षा पास झाला होता. भरतीचं वय संपत आलेलं, आणि मॅचच्या पुढच्याच आठवड्यात छिंदवाड्याला धावण्याची चाचणी. पाय धड तर नोकरी, नाहीतर सगळं मुसळ केरात. मी त्याला म्हटलं, यंदा नको खेळू रे. तर म्हणतो, मी नाही उतरलो तर बोरगावहून उसना माणूस आणावा लागेल, गावाचं नाक कापलं जाईल. स्वतःचा पाय मोडला तर चालेल, गावाचं नाक नको कापायला! आईचे तर फोनावर फोन. जावयाला थेट बोलायची तिची टाप नाही, म्हणून मला सांगायची, "त्यायले सांगजो बाई, या बारीनं पोराच्या पायाकडे नोका येऊ म्हणा." मी यांना सांगितलं. हे पोहे खाता खाता म्हणाले, साळ्याच्या पायाला मी हात तरी लावीन का. मी म्हटलं, हाताची भीती नाही हो, पायाची आहे.

मॅचच्या आधी मी दोन्ही संघांना जवळ बोलावलं. पँट-शर्टातली सूनबाई बघून मागं कोणीतरी खिदळलं, त्याच्याकडे एकदा नुसतं पाहिलं, तो गप्प झाला. मग समजावून सांगितलं. पायाला लागलं की नाही, बॉल मिळाला की नाही, हे मी विचारणार नाही. माणूस अंगावर आला कसा, ते बघणार. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले आणि बुटाचे तळवे समोरच्याला दिसले, तर सरळ बाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या, माझ्या वर्गातली पोरं डोलावतात तशाच. झाडाखाली खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून काकाजी बसले होते, त्यांनीही डोलावली.

पहिला हाफ हे शहाण्यासारखे खेळले. इतके शहाण्यासारखे की भाऊ यांना चकवून दोनदा पुढं गेला आणि एक गोल करून आला. आमच्याच लोकांनी मग यांना धरलं. अरे, जावयानं साळ्याचा मानपान करायची पद्धत कधीपासून निघाली? आहेर आणला का सोबत? हाफटाइमला संत्री वाटली. हे संत्रं खात नव्हते, नुसतं सोलत बसले होते. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

दुसऱ्या हाफमध्ये भावानं लाइनीजवळ बॉल घेतला आणि आत वळला. बाजूनं हे आले. आले म्हणजे काय, सुटलेच. दोन्ही पाय हवेत, बूट भावाच्या घोट्याकडे रोखलेले. मी काकाजींसारखी मधोमध उभी राहत नाही, बॉलमागं पळते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि भाऊ उडाला. कसा उडाला ते त्यालाही सांगता येत नाही. यांचे बूट त्याच्या खालून गेले, बॉलला बरोबर लागले, बॉल मैदानाबाहेर, आणि भाऊ पलीकडे दोन पायांवर उभा. साधं खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, रेफरी नसते तर मीही वाजवल्या असत्या.

मी शिट्टी वाजवली आणि यांना लाल कार्ड दाखवलं.

एकच कल्ला झाला. हे मुरूम झटकत उठले. "लागलंच नाही, मग फाउल कायचा?" भाऊसुद्धा पळत आला, ताई, मले खरंच नाही लागलं, म्हणायला लागला, जसं काही कार्ड त्यालाच दिलं होतं. आमच्याकडच्यांनी तर निकालच लावला, भावासाठी केलं. शेवटी झाडाखालून काकाजींनी विचारलं, "सूनबाई, रक्त निघालं का?"

सासऱ्यांना मी कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "नाही निघालं, काकाजी. म्हणूनच आत्ता देऊन राहिली. निघाल्यावर कार्ड देऊन काय करू?"

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चालतेही म्हणाले नाहीत आणि नाही चालतही म्हणाले नाहीत. हे बाहेर गेले. भावानं मागून त्यांच्या चालीची नक्कल केली, म्हणून त्याला पिवळं दिलं. मॅच पांढुर्णा हरलं, आणि ते कोणाच्या डोक्यावर फुटलं ते सांगायला नको.

संध्याकाळी आईचा फोन. लागलं का त्याले? नाही म्हटलं. मग जावयाले चारचौघात कायले हाकललं बाई, मायच्या घरचं काही वळण ठेवशील का नाही? मला इतका संताप आला की मी फोन कट केला. पोराचा पाय वाचला तर हिला जावयाच्या मानाची पडली! घरी हे माझ्याशी अबोला धरून बसलेले. भाजीत मीठ कमी आहे हे ते सासूबाईंना सांगायचे, सासूबाई मला सांगायच्या. मीपण हट्टानं कमीच घालत राहिले.

तीन-चार दिवसांनी सकाळी चहाचा कप हातात घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, तो उडाला कसा व? मी म्हटलं, काय माहीत.

"मी त्याचा पाय पाहूनच नाही राहिलो होतो," ते म्हणाले. "मले फक्त बॉल दिसून राहिला होता."

मी त्यांचा कप घेतला आणि त्यात पुन्हा चहा ओतला. त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर पडलं.

चाचणीच्या दिवशी भावाला बसनं जायचं होतं. यांनी पहाटेच मोटारसायकल काढली, सौंसरला गेले, त्याला मागं बसवून छिंदवाड्याला नेलं. रस्त्यात खड्डे आहेत, बसमध्ये पाय आखडतो, असं काहीतरी कारण सांगत होते. मी शाळेत मैदानावर होते, मुलींची रांग लावत होते, तेव्हा फोन वाजला. आधी नुसता लोकांचा गलका ऐकू आला, मग लांब कुठंतरी शिट्टी वाजली. मी हॅलो हॅलो करत राहिले.

"पळून राहिला व," मग एकदम यांचा आवाज आला. "दोन्ही पायानं पळून राहिला."

मला बाई रडूच फुटलं. पोरींसमोर, भर मैदानात, हातात शिट्टी धरून मी रडत होते. रांगेतली एक मुलगी घाबरून जवळ आली आणि माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "मॅडम, लागलं का?"

"नाही ग," मी म्हटलं, "नाही लागलं."