आज बाहेर गेलात का?

मी शाळेत गणित शिकवते. आकडे दिसले की ते तक्त्यात मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे होळीच्या सुमारास सासूबाईंना शिंकांनी गाठलं, डोळे सुजले, दम लागायला लागला, तेव्हा बाकीच्यांना नुसती काळजी वाटली. मला काळजीच्या जोडीला कुतूहलही वाटलं. दर वर्षी नेमके हेच दिवस का?

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांगितलं. कशाची, ते शोधायला मोबाईलमधली एक डायरी रोज भरायची होती. सासूबाई कुरखेड्याजवळच्या गावात एकट्या राहतात आणि त्यांचा फोन बटणांचा. मग असं ठरलं की रोज संध्याकाळी मी ब्रह्मपुरीहून फोन लावायचा, डायरीतले प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरं माझ्या मोबाईलमध्ये भरायची. शिंका किती आल्या? डोळे खाजले का? दम लागला का? शेवटचा प्रश्न असायचा, आज बाहेर गेलात का?

"नाई वं," त्या म्हणायच्या. गुरुवारी मात्र उत्तर बदलायचं. "हो, गेल्ती ना बाहेर. बाजार होता."

महिन्याभरानं मी आलेख उघडला आणि अक्षरशः टाळी वाजवली. ज्या दिवशी बाहेर, त्या दिवशी शिंका जवळजवळ नाहीत. ज्या दिवशी घरी, त्या दिवशी बेजार. हातच्या कांकणाला आरसा कशाला! डॉक्टरही आलेख बघून म्हणाले, घरातलंच काहीतरी असणार. आता त्या घरात असून असून काय असणार? दोन खोल्या, स्वयंपाकघराला लागून गोठा आणि गोठ्यात गाय.

सासरे गेल्यापासून सासूबाईंना दिवसभर बोलायला ती गायच होती. तिला पाणी दाखवताना त्या गावभरच्या बातम्या सांगायच्या. पण आलेखापुढे कोण बोलणार? माझ्या नवऱ्यानं बहिणीला कळवलं आणि रविवारी टेम्पो येऊन गाय तिच्या गावी नेणार असं पक्कं झालं. मी फोनवर सासूबाईंना सांगितलं.

"तुह्या मोबाईलनं सांगतलं तं खरंच असन," एवढंच म्हणाल्या.

गाय जाताना त्या एकट्या नसाव्यात म्हणून शनिवारी संध्याकाळी मी गावी पोचले.

रविवारी जाग आली तर घर रिकामं. अंथरूण घडी घालून ठेवलेलं, गोठ्यात गाय रवंथ करत बसलेली. दिवस कासराभर वर आल्यावर सासूबाई आल्या. डोक्यावर मोहफुलांनी भरलेली टोपली, डोळे लालभडक, पदर नाकाला. टोपली उतरवली आणि सात शिंका दिल्या. मोजायची सवय मेली जात नाही.

"आई, कुठी गेल्त्या?"

"मोहाखाली. बाजूच्या झाडाखाली फूल नीट दिसावं म्हून पाला जाळून राह्यले होते, सारा धूर माह्याच तोंडावर आला."

"रोज जाता?"

"तं काय! फूल का आपल्या पायानं घरी येते?"

"मंग मी रोज इचारते, बाहेर गेल्त्या का, तं नाई काऊन म्हणता?"

मी वर्गातल्या ढ पोराकडे बघते तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ते बाहेर कायचं? आपलेच मोह हायेत ते. तुह्या सासऱ्याच्या आज्यापासून आपणच येचतो. बाहेर म्हणजे बाजार, एस्टी, दवाखाना."

मी तिथेच, ओट्यावर बसून, सगळा महिना पुन्हा भरायला घेतला. त्यांना तारखा आठवत नव्हत्या, पण कुठल्या दिवशी कुठलं झाड झडलं आणि कोणी पाला जाळला, हे तोंडपाठ होतं. गुरुवारी बाजारामुळे मोह राहून जायचा. म्हणजे गुरुवारी बरं वाटायचं ते उगाच नाही. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

टेम्पो दारात आला तो चहा पाजून परत पाठवला. मला मनापासून लाज वाटली. माझ्या एका न कळलेल्या शब्दापायी ही बाई तोंडातून ब्र न काढता गाय द्यायला निघाली होती. "चुकलं माझं," मी म्हणाले.

"गाय राह्यते ना? मंग झालं," त्या म्हणाल्या आणि दावं आहे तिथेच आहे ना, हे बघून आल्या.

डॉक्टरांनी नवा आलेख बघितला आणि यंदा मोहाखाली पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. धूर आणि फुलोरा, दोन्ही वाईट. सासूबाईंनी मान हलवली. पुढचे तीन दिवस डायरी स्वच्छ होती.

चौथ्या संध्याकाळी मी फोन लावला. शिंका? नाई. दम? नाई. आवाज जरा बसलेला वाटत होता.

"आई, आज बाहेर गेल्त्या का?"

पलीकडे गायीच्या गळ्यातली घंटा वाजली. आता बाहेर म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"नाई वं," त्या म्हणाल्या आणि लागोपाठ तीनदा शिंकल्या.

मी "हो" दाबलं.