आईच्या बोटाखालचा तीळ

माझी आई मला ओळखत नाही, माझ्या तिळाला ओळखते.

तीळ माझ्या डाव्या गालावर होता, कानाच्या पाळीखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढा. (लहानपणी तो खरंच तिळाएवढा होता म्हणे. वय वाढलं तसे आम्ही दोघंही सुटत गेलो.) आई निपाणीजवळ आमच्या गावी माझ्या थोरल्या भावाकडं, आप्पाकडं असते. नव्वदीला टेकलीय. डोळ्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो, आणि आठवण मागं मागं चालत थेट तिच्या माहेरी जाऊन बसलीय. मी दर रविवारी बेळगावाहून बस धरतो. पुढ्यात जाऊन बसलो की ती विचारते, "कोन, दादू?"

दादू म्हणजे तिचा भाऊ. तो जाऊन जमाना झाला.

"बाळू गं, आई."

"कोन बाळू?"

मग ती माझी हनुवटी धरून तोंड खाली ओढते आणि गालावरनं बोट सरकवत नेते. तीळ लागला की बोट थांबतं आणि ती म्हणते, "बाळू, आलास व्हय रं."

एवढंच. पाच मिनिटांनी मी परत दादू होतो. पण तेवढं ऐकायला मी, हायस्कुलात सायन्स शिकवणारा छप्पन्न वर्षांचा मास्तर, बसमध्ये उभा राहून जातो आणि उभा राहून येतो. सोमवारपासून परत त्या हाकेची ओढ लागते. वर्गात पोरांना पचनसंस्था शिकवतानासुद्धा लागते. ह्याला कुणी हसलं तर खुशाल हसावं.

तर हा तीळ रंग बदलायला लागला. दाढी करताना एकदा रक्त आलं, मग रोजच यायला लागलं. माझी बायको सुनंदा चार दिवस बघत राहिली आणि पाचव्या दिवशी मला स्कूटरवर मागं बसवून चामडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. (स्कूटर तीच चालवते. मी मागं बसून रस्त्याचे नियम सांगतो.)

डॉक्टरीण बाई कन्नड, पण मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. भिंग लावून तीळ बघितला आणि म्हणाल्या, "सर, हा वाढलाय. कडाही वेड्यावाकड्या झाल्यात. काढून तपासायला पाठवू. घाबरण्यासारखं नाही, पण ठेवण्यासारखंही नाही."

मी विचारलं, "वरून तसाच ठेवून आतला भाग काढता येणार नाही?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "सर, तुम्ही सायन्स शिकवता ना?"

परत येताना सुनंदा वाटभर बोलत होती. "मानूस मोठा का तीळ मोठा? उद्या काय वंगाळ निघालं म्हंजे?"

"आणि आईला काय सांगू? ती कुठल्या खुणेनं हाक मारंल मला?"

चन्नम्मा सर्कलच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सुनंदा पुढं बघतच म्हणाली, "आधी तुमी तर ऱ्हावा. मग बघू हाकंचं."

आता तयारी. बाईंनी निघताना बजावून सांगितलं होतं, "ऊटा माडि बर्री, सर." पोटभर जेवून या. गाल बधिर करायचं एक इंजेक्शन, बाकी काही नाही. हे मला कळलं होतं, सुनंदालाही कळलं होतं. चूक एकच झाली. मी आप्पाला फोन केला.

"ऑपरेशन म्हंजे पोट रिकामं पायजे," आप्पा म्हणाला.

"आप्पा, गालाचं हाय."

"गाल पोटाला जोडल्याला न्हाय व्हय?"

गाल पोटाला जोडलेला असतो हे सायन्सच्या तासाला मीच तर शिकवतो.

"डॉक्टरीण बाई जेवून या म्हणाल्यात."

"त्या म्हननारच. आपन आपलं धरून चालावं. ऑपरेशन हुईस्तवर अन्नपानी सोडायचा नेम. घेतलास न्हवं?"

आणि मी सवयीनं "व्हय" म्हणालो. आमच्या जैनांच्या घरात थोरल्यानं नेम द्यावा आणि धाकट्यानं व्हय म्हणावं, की संपलं. मग तो नेम मोडायची ना धाकट्याची छाती, ना थोरल्याची. दिवस मावळल्यावर आम्ही तसंही जेवत नाही, त्यामुळं आदल्या दिवशी उन्हं असतानाच माझं शेवटचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची वेळ होती संध्याकाळची. सुनंदानं सकाळी पोहे केले, दुपारी आमटी-भात केला आणि दोन्ही माझ्यासमोर बसून खाल्लं. "मी कुटं नेम घेतलाय?" म्हणाली.

संध्याकाळी टेबलावर आडवा झालो तेव्हा मला दोन डॉक्टरीण बाई दिसत होत्या. त्यातल्या एकीनं गालाला काहीतरी गार लावलं. मी "आई गं!" म्हणून ओरडलो आणि मला भोवळ आली.

शुद्धीवर आलो तर बाई सुनंदाला विचारत होत्या, "नुसतं स्पिरिट लावलं हो मी. जेवले नाहीत का?"

"नेम घेतलाय त्यांनी. पानी बी न्हाय."

बाईंनी एक लांब श्वास घेतला. आमच्या भागातले पेशंट त्यांना नवीन नसावेत. "ऑपरेशन झालं की सुटतो ना नेम? मग पटकन उरकते," म्हणाल्या आणि खरी सुई टोचली. दुसऱ्यांदा जे ओरडलो, ते ऐकून बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट घरी निघून गेले. एकाला नुसता गजकर्ण होता.

पुढं काही दुखलं नाही. टाके पडले, पट्टी लागली, आणि बाईंनी छोट्या बाटलीतल्या औषधात बुडवलेला तीळ दाखवला. एवढासा, विटका. मी त्याच्याकडं बघत राहिलो. अख्ख्या जगात आईला माझ्याबद्दल आठवत होतं ते एवढंच, आणि ते आता झाकण लावून तपासणीला चाललं होतं. सुनंदानं साखरपाण्याचा पेला हातात दिला. मी तो संपवला.

घरी आल्यावर ठरलं की टाके निघेपर्यंत गावाकडं जायचं नाही. तोवर काहीतरी मार्ग काढू. आप्पाला फोनवर सुनंदानं सांगितलं, "झालं बगा ऑपरेशन. हूं का चूं केलं न्हाय ह्यांनी."

आप्पानं हे गावात सांगितलं. "बाळूचं ऑपरेशन झालं," एवढंच. कशाचं, ते सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आमच्याकडं पेशंटला आधी बघून यायचं असतं, काय झालंय ते मग विचारायचं असतं. आणि बघायला कोण आलं, कोण नाही, हे पेशंट विसरला तरी त्याची बायको मरेपर्यंत विसरत नाही. त्यामुळं भावकी ह्यात कसूर करत नाही.

रविवारी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर दारात भाड्याची ट्रॅक्स जीप थांबली. आतनं आप्पा उतरला, वहिनी उतरल्या, भावकीतल्या तुळसाकाकू उतरल्या, मग शहाळी उतरली, बिस्किटांचे पुडे उतरले, भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी उतरली, आणि मग काही माणसं उतरली जी मी शेवटची एका लग्नात बघितली होती. सगळे चेहरे पाडून फाटकातनं आत आले आणि मला ब्रशसकट उभा बघून जागीच थांबले.

"ह्यो तर हिंडतोय," मागनं कुणीतरी म्हणालं.

तुळसाकाकूंनी माझ्या गालावरची पट्टी नीट न्याहाळली. "एवढंच?"

"एवढंच, काकू."

"मग पडून तरी ऱ्हायचं की रं, एवढ्या लांबनं आलो आमी."

मलाही ते पटलं. मी चूळ भरली, आत जाऊन कॉटवर आडवा झालो, वहिनींनी छातीपर्यंत चादर ओढली आणि मंडळींच्या जिवात जीव आला. एकानं शहाळं फोडलं. आप्पा उशाशी बसला आणि सहज म्हणाला, "आईला बी आनलंय. फुडच्या शिटावर हाय. तुमी बसा, मी घिऊन येतो."

मी चादरीसकट उठून बसलो. आई दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

"कळलं तिला, माझं ऑपरेशन झालंय ते?"

"काय की. बाळूकडं जायाचं म्हनलं, तर उठून चप्पल हुडकाय लागली."

ज्या बाळूसाठी ती चप्पल शोधत होती, तो तिला इथं सापडणार नव्हता. मी सुनंदाकडं बघितलं. तिनं मला दंडाला धरून मोरीपाशी आरशासमोर नेलं. आमच्या आरशावर तिच्या जुन्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक मखमली टिकली तिनं उचकटली, गालावरच्या पट्टीच्या मधोमध दाबून बसवली आणि म्हणाली, "हलू नका. बोलू नका. झोपा जावा."

दोघांनी धरून आईला आणलं आणि कॉटच्या कडेला बसवलं. सगळी भावकी भिंतीला टेकून उभी.

"कोन, दादू?"

"बाळू गं, आई."

"कोन बाळू?"

हनुवटी धरली. तोंड ओढलं. बोट सरकत सरकत आलं आणि टिकलीवर थांबलं. बोटानं टिकली जराशी खरवडली, तशी ती निघून बोटाला चिकटून आली. आईनं ती दोन बोटांत चोळून बघितली.

"टिकली हाय," ती म्हणाली. मग मोठ्या मायेनं, "कुनाची सून गं तू?"

तुळसाकाकूंनी तोंडात पदर कोंबला. आईचं बोट माझ्या ओठावर आलं. "आनि ही मिशी गं कसली?"

मग कुणालाच आवरलं नाही. आप्पा हसला, वहिनी हसल्या, दारातला ट्रॅक्सचा ड्रायव्हर हसला. मला मात्र हसू येईना. "आई, मीच गं बाळू," मी म्हणालो. "तीळ काढला माझा. डॉक्टरांनी काढला."

आईनं माझा हात थोपटला. परक्या माणसाला समजावतात तसं म्हणाली, "आमच्या बाळूला तीळ हाय बग. गालावर. तू दुसरं कोनतर असशील. आसूं दे. बस."

ते "आसूं दे" मला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. आईनं पुन्हा एकदा, बहुतेक सवयीनं, बोट गालावर आणलं, तीळ असायचा तिथंच, आणि नीट चाचपायला म्हणून चांगलं दाबलं. खाली टाके होते.

"आई गं!"

शेजारचे लोक गॅलरीत आले. भिंतीवरची पाल आत गेली. सुनंदानं डोळे मिटले, कारण 'हूं का चूं केलं न्हाय' हे तिनंच आप्पाला सांगितलं होतं.

आईचा हात तसाच थांबला. तिनं मान तिरकी केली. सगळा चेहरा हळूहळू सैल झाला.

"बाळूच हाय की ह्यो," ती आप्पाला म्हणाली. "शाळंत देवी टोचाय आलंतं, तवा असाच वराडला हुता. अजून सुई लावली नव्हती, तरी बी. अख्खी शाळा पळाली." मग माझ्याकडं वळून गाल कुरवाळत म्हणाली, "बाळू, आलास व्हय रं."

तीच आली होती, माझ्या घरी. पण मी "व्हय गं, आलो" म्हणालो आणि भावकीसमोर चादरीत तोंड घालून रडलो. तुळसाकाकूंना त्यामुळं बरं वाटलं. पेशंट रडला म्हटल्यावर त्यांचा फेरा वाया गेला नव्हता.

तपासणीचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. साधा तीळ निघाला. टाके गेले, जखम भरली, आता गालावर नुसती एक पांढरी रेघ आहे, ती बोटाला लागत नाही.

जखम भरली ही मोठीच अडचण झाली. पहिल्या रविवारी मी गावी गेलो, आईचं बोट रेघेवर आलं आणि मी आपणहून "आई गं" ओरडलो. आई म्हणाली, "दादू, उगंच कशाला वराडतोस?" पुढच्या रविवारी जरा जीव ओतून ओरडलो. तरी दादूच. डोळे गेले, आठवण गेली, पण माझं खोटं तिला अजून बरोबर कळतं.

म्हणून आता वहिनी माझ्या पाठीमागं पातळाची पिन घेऊन बसतात. आईचं बोट गालावर आलं, की मी मान हलवतो.

"हळूच टोचू का?" त्या दर वेळी विचारतात. बिचाऱ्यांचा हात होत नाही.

"जोरात टोचा, वहिनी."

आयुष्यभर सुईच्या नावानं पळालेला मी आता दर रविवारी तिकीट काढून, बसमध्ये उभा राहून, टोचून घ्यायला निपाणीला जातो.