अंजनाआत्याचा न भाजलेला तुकडा

आमची अंजनाआत्या मातीची शास्त्रज्ञ आहे आणि ती सगळ्याला घाबरते. मांजराला, घाटातल्या वळणाला, कुकरच्या शिटीला. पण सगळ्यात जास्त हिर्डोशीच्या चिमाजीतात्यांना.

लहानपणी शाळेच्या वाटेवर तिला वर बघायची भीती वाटायची, म्हणून ती खाली बघत चालायची. खाली बघत बघत ती मातीत शिरली ती शिरलीच. आता पुण्यात मोठ्या पडद्यावर आकडे दाखवून बोलते. "आपण इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या," असं, जिभेला साय लावल्यासारखं. पण चिमाजीतात्या समोर आले की तिचं पुणं गळून पडतं. तात्या आमच्या रतनआज्याचे बांधाशेजारी. बोलायच्या आधी घसा असा खाकरतात की वाटावं, थंडीतली जीप चालू होतेय. "खर्रर्र... खर्रर्र... आगं पोरी!" की आत्या म्हणते, "व्हय तात्या." विषय संपला.

आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी राब भाजतात. जमिनीवर शेण, डहाळ्या, पाचोळा, गवत असं थरावर थर रचायचं, वर माती भुरभुरायची आणि पेटवायचं. तण मरतं, रोपं तरारतात. आत्यानं आज्याकडून वरच्या अंगाचा एक तुकडा मागून घेतला होता. तो भाजायचा नाही, त्यात काही घालायचं नाही, काढायचं नाही. पडलेला पाचोळा तिथंच कुजू द्यायचा. मग त्या मातीत कोण कोण जगायला येतं आणि सेंद्रिय कर्ब किती वाढतो, हे ती दर उन्हाळ्यात माती नेऊन बघायची. चार वर्षं चाललं होतं. एकदा आग लागली की चारही वर्षं गेली.

हे तिनं आज्याखेरीज गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. चिमाजीतात्यांना "भाजू नका" म्हणणार कोण? राबाच्या दिवशी आजाच तिथं उभा राहायचा आणि म्हणायचा, "ह्यो ऱ्हाऊ द्या." कुणी का विचारलं की तंबाखू मळत बसायचा.

यंदा आजा पाय मोडून भोरला आमच्याकडे प्लास्टरात पडला होता. आत्या माती न्यायला आली, मी पिशव्या धरायला. भोरच्या स्टँडवर असतानाच तिला साळूकाकूंचा फोन आला. साळूकाकू म्हणजे तात्यांची बायको. त्यांना बोलायला खरं तर फोनची गरज नाही.

"आंजनाऽऽ! बापाला सांग, घोर करू नगं! सावडीतल्या समद्यांनी मिळून त्याचं राब रचल्यात! त्यो वरचा तुकडा दर साली उगा ऱ्हातो बग, त्यो बी झाला! आता भाजाय निगालेत ह्ये!"

"काकू, तो तुकडा—"

रेंज गेली.

सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. आणि एखाद्याच्या घरचं माणूस आडवं पडलं तर त्याचं काम सगळ्यात आधी, न सांगता. म्हणजे चिडायचीही सोय नाही. माणसं घाम गाळून, मायेनं, आत्याची चार वर्षं जाळायला निघाली होती.

एसटीचा पत्ता नव्हता. पत्रे नेणाऱ्या एका टेम्पोत आम्ही मागे बसलो. आत्या परत परत फोन लावत होती. घाईघाईत एकदा तो गॅसवाल्याला लागला आणि ती त्यालाच म्हणाली, "भाजू नका हो!" एरवी मी हसून लोळलो असतो. पण वळण संपलं आणि समोरच्या डोंगरावर धूर दिसला. मग दुसरा. मग धरणाच्या पाण्यापलीकडे आणखी. राबाचे दिवस, सगळ्या उतारांवर धूर. त्यातला आपला कुठला ते कळेना. प्रत्येक धूर आपलाच वाटायचा. आत्यानं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं मला रुतत होती आणि हात सोड म्हणायचा धीर मला होत नव्हता.

फाट्यावर उतरून आम्ही चढ पळत चढलो. आत्या पळताना मी पहिल्यांदाच बघितली. ठेच लागली, चप्पल तुटली, ती तिनं तिथंच टाकली.

तुकडा दिसला. वर शेणाचा नि डहाळ्यांचा जाड थर. खालच्या कडेला चिमाजीतात्या वाकलेले, हातात पेटलेली गवताची चूड. साळूकाकू आणि तिघं-चौघं सावडकरी लांब सावलीला.

आत्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तात्यांनी गवत टेकवलं. कडेनं जाळ चर्रर्र करून पळाला आणि तेवढ्यात खालून वारा सुटला.

"तात्याऽऽ! इझवाऽऽ!"

हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. डोंगरावर आपटून तो परत आला. तात्या दचकून मागे सरले. आत्या थेट त्या थरावर चढली, अनवाणी, आणि मधोमध उभी राहिली.

"आगं भाजशील की गं!" साळूकाकू किंचाळल्या. "अवं बगत काय बसलाय! मारा त्येला!"

मग ओल्या डहाळ्या घेऊन सगळे जाळावर तुटून पडलो. धुरात कोण कुठं ते दिसेना. मला वाटलं, जाळ आता वरच्या जंगलात शिरणार. एकदा आत्याही दिसेनाशी झाली तेव्हा मी तिला हाका मारत सुटलो. जाळ विझला तेव्हा खालची पट्टी काळी झाली होती. वरचा भाग तसाच होता.

तात्यांनी घसा खाकरला. "खर्रर्र... आगं पोरी. आमचं काय चुकलं का?"

पण या खेपेला "व्हय तात्या" आलं नाही. तिनं सगळं सांगितलं, गावच्या भाषेत. तात्यांनी मधे फक्त एकदा विचारलं, "आन् शेणानं बी बिघडतं तुजं?"

"बिघडतं, तात्या."

"शेणानं!" साळूकाकू डोक्याला हात लावून म्हणाल्या. "पुन्यात जाऊन ह्ये शिकली बया."

पण पदर खोचून शेण उचलायला पहिल्या त्याच वाकल्या.

थर काढून झाल्यावर आत्यानं काळ्या पट्टीतली चिमूटभर माती पांढऱ्या रुमालावर पसरली. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. काहीच हललं नाही. तिनं वरच्या भागातली माती घेतली. खूप वेळ तिथंही काही नाही. आत्यानं डोळे मिटले.

"त्ये काय गं मिठावानी?" तात्या म्हणाले. "उड्या मारतंय."

आत्यानं एक डोळा उघडला, "जित्तं हाय," म्हणाली आणि तिथंच मटकन बसली.

तात्यांनी दगड आणून काळ्या पट्टीच्या वर नवी कड लावली. तुकडा आता लहान झाला होता. "पुढल्या साली बाप असू दे नायतर नसू दे," ते म्हणाले, "राबाच्या दिवशी तू सोता हितं उभी ऱ्हा. आन् आत्ता वरडलीस तशीच वरड."

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी पिशव्या उचलल्या. आत्या उठली नाही. काळ्या पट्टीत एका जागी धुराचं बारीक सूत अजून वर येत होतं, वारा थांबायला तयार नव्हता, आणि ती साळूकाकूंनी आणलेली पाण्याची कळशी मांडीशी धरून त्याच्याकडे बघत होती.